आजोबांची अलेक्झांड्रिया, चौघांनी सांगितलेली

ताई, आजी गेली त्याला वर्ष झालं. आता तिची ट्रंक उघडली तर तळाला जुन्या लुगड्यात गुंडाळलेले कागद निघाले. आजोबा दुसऱ्या महायुद्धात आर्मीच्या सप्लायमध्ये हवालदार क्लार्क होते, १९४१ पासून इजिप्तला, अलेक्झांड्रियाजवळ अमिरियाच्या कॅम्पात. आम्हाला एवढंच माहीत होतं. कागदांत त्यांची डायरी आहे, त्यात लिहिलंय की एका ग्रीक बाईवर त्यांचं प्रेम होतं आणि जून १९४२ मध्ये ती त्यांना सिदी गाबर स्टेशनवर उभं ठेवून एका इंग्रज नेव्ही ऑफिसरबरोबर निघून गेली. त्या बाईची फ्रेंचमधली तीन पत्रं आहेत, ओळखीतल्या एकांनी मला त्यांचा सारांश सांगितला. ती म्हणे लग्न झालेली, नवरा इटालियन, इंग्रजांच्या कैदेत. पहिल्या पत्रात नवऱ्याला बूट आणि औषधं पोचवायची विनंती आहे, दुसरं नोव्हेंबर १९४२ चं अलेक्झांड्रियाहूनच, त्यात कुणा ऑफिसरने नवऱ्याच्या सुटकेसाठी शब्द टाकायचं कबूल केलं असा उल्लेख आहे, आणि तिसरं १९५७ साली अथेन्सहून आलेलं, ज्यात 'तुम्ही उत्तरच दिलं नाहीत' असं आहे. शिवाय आजोबांच्या मित्राचं आजीला आलेलं पत्र, तेही १९५७ चंच: वहिनी, तसलं काही नव्हतं, ती बाई माझ्या ओळखीची, मला थोडं फ्रेंच येतं, पत्रं माझी होती, त्याने फक्त मदत केली. आणि आजी शेवटी शेवटी मला म्हणाली होती, "मला सगळं माहीत होतं गं." आई म्हणते जाळून टाक सगळं. भाऊ डायरीतल्या 'पार्सल पोचवलं' या ओळीवरून 'आमचे आजोबा हेर होते' अशी पोस्ट लिहून बसलाय, बाईचं नाव आणि फोटोसकट. खरं काय मानू? आईला काय सांगू?
– ट्रंकवाली नात

---

प्रिय नाती,

काहीही जाळू नका. आईला म्हणावं महिनाभर थांब, मग काय करायचं ते सगळे मिळून ठरवू, पण तोवर कागदाला हात लावायचा नाही. आणि भावाची पोस्ट आजच्या आज थांबव, त्याची कारणं खाली सांगते.

आता तुझा मुख्य प्रश्न, खरं काय मानू. तू चौघांना एका रांगेत उभं करून विचारतेयस की यातला खोटारडा कोण. मला वाटतं असं विचारलंस तर चौघंही तुझ्या हातून निसटतील. त्यापेक्षा प्रत्येक कागदाला दोन गोष्टी विचार: हे कुणाला सांगितलंय, आणि कधी सांगितलंय. माणसं हवेत बोलत नाहीत, समोर कुणीतरी असतं म्हणून बोलतात, आणि तुझ्या ट्रंकेतला प्रत्येक कागद कुणाच्या तरी तोंडाकडे बघून लिहिलेला आहे.

डायरीपासून सुरू करू. तू पानांचे फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. २० डिसेंबर १९४१ च्या पानावर आजोबा लिहितात की काल पहाटे सहा इटालियन पाण्याखालून बंदरात शिरले आणि क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या इंग्रजांच्या दोन्ही मोठ्या लढाऊ बोटी तळाला बसल्या. हे घडलं होतं, तारीखही बरोबर आहे, १९ डिसेंबरच्या पहाटे तीन मानवी टॉर्पेडोंवर, म्हणजे माणसांनी वर बसून पाण्याखालून चालवायच्या स्फोटक वाहनांवर, सहा जण आले होते. पण बंदर उथळ होतं, बोटी सरळ खाली बसल्या आणि डेक पाण्याच्या वरच राहिले, म्हणून इंग्रजांनी काहीच झालं नाही असं दाखवायचं ठरवलं, बोटीवर रोजचा झेंड्याचा सोहळा चालू ठेवला, शत्रूच्या विमानांना वरून बोटी शाबूत दिसाव्यात म्हणून. चर्चिलनी स्वतःच्या पार्लमेंटला सुद्धा हे एप्रिल १९४२ मध्ये बंद दाराआड सांगितलं. स्फोट शहरभर ऐकू आले असतील, गोदीतल्या माणसांत कुजबुजही झाली असेल, पण शहराबाहेरच्या कॅम्पातल्या हवालदार क्लार्कला दुसऱ्याच दिवशी दोन्ही बोटींची नावं आणि आलेल्या माणसांचा अचूक आकडा माहीत असणं मला पटत नाही. हे पान बहुतेक नंतर लिहिलंय, युद्ध संपल्यावर, जेव्हा ही गोष्ट सगळीकडे छापून आली तेव्हा. तू एक कर, वहीचं पान उलटं करून मागच्या बाजूने बोट फिरव. बॉलपेनचा दाब मागे लागतो, शाईच्या पेनाचा सहसा लागत नाही, आणि १९४१ साली आपल्या हवालदाराकडे बॉलपेन असणं शक्य नाही.

समज डायरी नंतरची निघाली. तर आजोबा खोटं लिहीत होते असं लगेच म्हणू नकोस. ते आठवून लिहीत होते, आणि आठवताना माणूस स्वतःला जगता येईल अशी गोष्ट लिहितो. आता बघ, डायरी म्हणते ती जून १९४२ मध्ये ऑफिसरबरोबर गेली. २१ जूनला लिबियातलं इंग्रजांच्या ताब्यातलं टोब्रुक बंदर पडलं, जर्मन सैन्य अलेक्झांड्रियापासून शंभरेक किलोमीटरवर अल अलामीनपर्यंत आलं, महिनाअखेर इंग्रजांचं आरमार खरंच अलेक्झांड्रिया सोडून हैफा, पोर्ट सईद, बेरूत असं पांगलं, स्टेशनवर जीव घेऊन पळणाऱ्यांची गर्दी उसळली, त्यामुळे सीन खरा वाटतो. पण त्याच बाईचं नोव्हेंबरचं पत्र अलेक्झांड्रियाहून आहे! म्हणजे एकतर ती गेली आणि परत आली, किंवा ती गेलीच नाही. माझा अंदाज सांगू का, आणि हा अंदाजच आहे हं, की सोडून जाणारी ती नसावी. त्या महिन्यांत युनिट्स सारखी हलत होती, आजोबांचं युनिटही हललं असेल, आणि नंतर पत्र आलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. पंधरा वर्षांनी ती तेच लिहिते ना, उत्तर दिलं नाहीत म्हणून. मी तिला सोडलं यापेक्षा तिने मला सोडलं हे लिहायला किती सोपं जातं, विचार कर.

आता त्या बाईकडे येऊ, कारण तुझ्या पत्रात तिच्याबद्दल सगळ्यात कमी आहे आणि मला सगळ्यात जास्त तिचंच वाईट वाटलं. तुझ्या भावाला ती रहस्यकथेतली बाई वाटतेय, आईला घर मोडणारी वाटतेय. जरा तिच्या जागेवरून बघ. ती जन्माने ग्रीक, लग्न इटालियनशी. त्या काळच्या कायद्याने बायको नवऱ्याच्या देशाची होऊन जायची, म्हणजे कागदोपत्री ती इटालियन. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली आणि इजिप्तमधले तरणेताठे इटालियन पुरुष उचलून सुएझ कालव्याकाठी फायेदच्या छावणीत कोंडले, इटालियन मालमत्तेवर जप्ती आली. घरातला कमावता गेला आणि पैसेही अडकले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला! म्हणजे तिच्या नवऱ्याचा देश तिच्या माहेरच्या देशावर चालून गेला, आणि तिच्या ओळखीपाळखीतली इजिप्तमधली ग्रीक पोरं मित्रराष्ट्रांच्या बाजूने फौजेत भरती व्हायला लागली. पुढच्या वर्षी तर ग्रीसचा राजा आणि सरकारच पळून इजिप्तला आलं. माहेरच्या लोकांसमोर ती शत्रूची बायको, इंग्रजांच्या ऑफिसात शत्रू देशाची नागरिक, आणि शेजारपाजाऱ्यांत बहुतेक तीच पूर्वीची ग्रीक मुलगी. अशा बाईने प्रत्येक काऊंटरवर थोडी वेगळी हकिकत सांगितली तर तिला लबाड म्हणायचं की जिवंत राहण्याची धडपड म्हणायचं? मी धडपडच म्हणीन.

आणि ते शहरच तसं होतं गं. ग्रीक, इटालियन, ज्यू, आर्मेनियन, माल्टीज, सीरिया-लेबनॉनचे ख्रिश्चन, आणि अर्थात इजिप्शियन, ज्यांचं ते शहर आणि ज्यांना या सगळ्यांत सगळ्यात कमी विचारलं जायचं. एका घरात तीन भाषा, दुकानात चौथी, आणि वरच्या थरात फ्रेंच. लग्न, घटस्फोट, वारसा हे सगळं ज्याच्या त्याच्या धर्माच्या कोर्टात किंवा कॉन्सुलेटमध्ये, परदेश्यांच्या भांडणांसाठी वेगळी मिक्स्ड कोर्ट्स, ती १९४९ पर्यंत चालली. म्हणजे एखादी बाई विवाहित आहे का, आणि कुठल्या देशाची, याची उत्तरं तू कुठल्या दारात विचारतेस त्यावर बदलायची. बंदरात बघ, १९४० मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर फ्रेंच युद्धनौका तिथेच अडकल्या, तेल काढून घेतलेलं, तोफांचे भाग काढून ठेवलेले, इंग्रजांच्या शेजारी जवळपास तीन वर्षं उभ्या होत्या, ना दोस्त ना दुश्मन. जिथे आरमारं अशी राहत होती तिथे माणसांच्या नात्यांना एकच नाव असावं असा हट्ट आपण आज का धरायचा?

तर तिच्या पहिल्या पत्रात बूट आणि औषधं आहेत. आजोबा सप्लायमध्ये, त्यांचे ट्रक कालव्याकडे जात असणार, म्हणून तिने त्यांना गाठलं असेल. मग तिला आजोबांबद्दल काही वाटलं नव्हतं, फक्त वापर करून घेतला? असं मला अजिबात वाटत नाही. मदतीतून ओळख झाली म्हणून पुढचं सगळं नाटक ठरत नाही. गरजेपोटी सुरू झालेलं नातं पुढे खरं होतं, आणि खरं असतानाच गरजही चालूच राहते, हे युद्धाशिवायच्या आयुष्यातही आपण बघतोच की. ऑफिसरचंही तसंच असेल. तू सारांशात लिहिलंयस की दुसऱ्या पत्रात कुणा ऑफिसरने नवऱ्याच्या सुटकेसाठी शब्द टाकायचं कबूल केलं असा उल्लेख आहे. म्हणजे आजोबांना जो प्रतिस्पर्धी वाटला तो तिच्या लेखी कदाचित नवऱ्याला सोडवायची वाट होता. किंवा दोन्ही. एकाच वेळी एक बाई नवऱ्यासाठी रडू शकते, ऑफिसरबरोबर डान्सला जाऊ शकते आणि अमिरियाहून पासवर येणाऱ्या एका परक्या देशातल्या क्लार्कची रामलेह ट्रामच्या स्टॉपवर मनापासून वाट बघू शकते. हे तुझ्या आईला पचणार नाही, पण तुला पचायला हवं, कारण त्याशिवाय तू या पत्रांना न्याय देऊ शकणार नाहीस.

आता मित्राचं पत्र. इथे तारखा बोलतात. १९५६ ला सुएझचं युद्ध झालं, इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल इजिप्तवर चालून गेले, त्यानंतर अलेक्झांड्रियातली परदेशी वस्ती भराभर उठायला लागली, इंग्रज, फ्रेंच आणि कितीतरी ज्यू कुटुंबांना तर काढूनच दिलं, बाकीच्यांना आपलं भविष्य दिसलं. ही बाई अथेन्सला गेली आणि तिथून १९५७ मध्ये तिने लिहिलं. ते पाकीट आजोबांच्या घरी आलं, परदेशी स्टँप, बायकी अक्षर, आजीच्या हातात पडलं असणार. आणि त्याच वर्षी मित्र आजीला लिहितो की वहिनी तसलं काही नव्हतं. हे पत्र आपणहून आलेलं नाही, ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न आजीने विचारला असेल किंवा आजोबांनी मित्राला गळ घातली असेल. दुखावलेल्या बाईला धीर द्यायला लिहिलेल्या पत्राकडून पुराव्याची अपेक्षा करू नकोस. पण ते खोटंच आहे असंही मी म्हणणार नाही, कारण पहिल्या दोन पत्रांवर कुणाचंच नाव नाही, पाकिटं हरवलीत, ती खरंच मित्राची असू शकतात. तिसऱ्याचं पाकीट मात्र आजोबांच्या नावाचं आहे.

मला या सगळ्यात एका गोष्टीने फार धरून ठेवलं. आजोबांना फ्रेंच येत नव्हतं, मित्राला येत होतं. म्हणजे तिची पत्रं आजोबांच्या नावची असोत नाहीतर मित्राच्या, वाचून दाखवणारा मित्रच. तंबूत एक जण वाचतोय आणि दुसरा ऐकतोय, वाचणाऱ्याने काय गाळलं, काय भर घातली, त्याच्या स्वतःच्या मनात तिच्याबद्दल काय होतं, कुणाला ठाऊक? कदाचित दोघांचंही तिच्यावर प्रेम होतं, आणि दोघांनाही ती आपलीच वाटत होती, आणि दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक होते. शिवाय फौजेतून बाहेर जाणारी पत्रं सेन्सॉर वाचायचा, हिंदुस्थानी शिपायांची पत्रं तर वाचून त्यांचे अहवाल बनायचे. म्हणून आजोबांची आजीला आलेली पत्रं 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' एवढीच कोरडी असतील तर त्याचा अर्थ मन दुसरीकडे होतं असा लावू नकोस. अनोळखी साहेब वाचणार हे माहीत असताना बायकोला कोण मनातलं लिहील?

भावाला हे सांग. 'पार्सल पोचवलं' म्हणजे तिच्या पत्रानुसार बूट आणि औषधं. पण युद्धात शत्रूच्या कैद्याला गुपचूप वस्तू पोचवणं हे तेव्हा फार महागात पडलं असतं, कोर्ट मार्शलपर्यंत गेलं असतं, आणि म्हणूनच दोघं मित्र जन्मभर गप्प राहिले असतील, प्रेमापेक्षा जास्त त्या पार्सलमुळे. भाऊ आज हौसेने 'हेर' लिहितोय, पण एका ओळीवर माणसाला हेर करायचं म्हणजे त्यांनी जीव धोक्यात घालून केलेली साधी माणुसकी पुसून टाकायची. आणि त्या बाईचं नाव, फोटो? तिची मुलं, नातवंडं कुठेतरी असतील. त्यांना त्यांच्या आजीबद्दल मराठीतल्या एका व्हायरल पोस्टमधून कळावं हे कुणालाच शोभत नाही. त्याला लिहायचंच असेल तर अमिरिया, बोटी, आजोबांची नोकरी यावर लिहू दे, तेही थोडं नाहीये.

आजीबद्दल बोलू या आता. "मला सगळं माहीत होतं." तिला फ्रेंच येत नव्हतं. तिच्याकडे मित्राचं पत्र होतं, नवऱ्याची वही होती, आणि तीन पत्रं जी ती वाचू शकत नव्हती. तरी तिने ती ठेवली. आजोबांच्या कपाटात नाही ठेवली, स्वतःच्या ट्रंकेत, स्वतःच्या लुगड्यात. जाळायला तिच्याकडे कितीतरी वर्षं होती आणि चूलही होती. तिने कुणाकडून वाचून घेतली का, की नाही घेतली तेच तिला बरं वाटलं, हे आपल्याला कळणार नाही. पण 'सगळं' म्हणजे चौघांपैकी कुठली गोष्ट, हे तिने तुलाही सांगितलं नाही, आणि मला वाटतं ते तिने ठरवून सांगितलं नाही.

म्हणून आईशी बोलताना आजोबांपासून सुरू करू नकोस. आजीपासून सुरू कर. आईला वाटतंय की या कागदांमुळे तिच्या आईचा अपमान झाला, आणि तो राग खरा आहे, त्याला खोडू नकोस, तिच्याशी वाद घालू नकोस की त्या काळात असं व्हायचंच वगैरे. फक्त सांग की हे आजीनेच सांभाळलंय, कुणी आपल्यापासून लपवलेलं हाती लागलेलं नाही. मग तारखेप्रमाणे एकेक कागद दे, एका दिवशी एकच, आणि स्वतःचं मत देऊ नकोस. डायरी सगळ्यात शेवटी दे, कारण ती बहुतेक नंतर लिहिलेली आहे आणि सगळ्यात जोरात बोलते. आईने मधेच पुरे म्हटलं तर पुरे. तिला सगळं जाणून घ्यायची सक्ती नाही, तसं जाळायचा हक्क एकटीचाही नाही, हे मात्र प्रेमाने पण स्पष्ट सांग. आई अजून एक प्रश्न विचारेल, मला माहितीये, की तिथे आमचं कुणी भावंड आहे का. तुझ्या पत्रातल्या कशावरूनही तसं दिसत नाही, आणि नसलेल्या भावंडाची भीती आईच्या मनात पेरू नकोस.

शोध घ्यायचाच असेल तर आजोबांच्या पेन्शनबुकवर सर्व्हिस नंबर असेल, तो घेऊन त्यांच्या कोअरच्या, म्हणजे सैन्यातल्या त्यांच्या विभागाच्या, रेकॉर्ड ऑफिसला लिही आणि १९४२ च्या जूनपासून पुढे युनिट कुठे होतं एवढंच विचार, त्या एका उत्तराने स्टेशनवरचा प्रसंग बराच सुटेल. बाईच्या बाजूचं, म्हणजे लग्नाच्या नोंदी वगैरे, अलेक्झांड्रियाच्या ग्रीक कम्युनिटीकडे किंवा तिथल्या चर्चकडे असू शकतात, पण ते दार ठोठवायच्या आधी स्वतःला विचार की तिच्या घरच्यांना हे हवंय का.

आणि ती तीन पत्रं दुसऱ्या कुणाकडून तरी पूर्ण भाषांतर करून घे, ओळ न ओळ, तुमच्या ओळखीतल्या नसलेल्या माणसाकडून. आत्ता तुझ्याकडे फक्त सारांश आहे, आणि ज्यांनी तो सांगितला त्यांना तुझे आजोबा माहीत होते, आजी माहीत होती, त्यांनी तुझ्याकडे बघून काही गाळलं असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. दुसऱ्या पत्राच्या तुझ्या फोटोत शेवटच्या ओळीनंतर पान दुमडलेलं दिसतंय, तिथे खाली अजून काहीतरी लिहिलंय. ते उलगडून बघ आणि मला कळव.

तुझी ताई